आलेली वार्ता निवडून घ्यावी

सुपातील तांदूळ निवडल्यावाचून चुलीवर चढविणारी गृहिणी आमच्या पेडणे-डिचोलीच्या भागात शोधूनही सापडावयाची नाही. एखादा खडा दाताखाली आला, तर जेवणारे लगेच बोलून दाखवितात. परंतु त्याच घरात दिवसभर मोबाइलवरून ज्या वार्ता येतात, त्यांतील एकही कोणी निवडीत नाही. आली तशी ती गिळली जाते, आणि शेजाऱ्याच्या ताटातही वाढली जाते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या खड्यांविषयी आज चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

पूर्वी वार्ता माणसाच्या तोंडून येई. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोणी काही ऐकून आला, तर ऐकणारा प्रथम सांगणाऱ्याकडे पाही. हा थापाड्या की शब्दाचा पक्का, हे गावाला ठाऊक असे. आज वार्ता पाठविणारा आपला मावसभाऊ असतो. ती मुळात लिहिली कोणी, हे मात्र त्या मावसभावालाही ठाऊक नसते. मावसभावावरचा आपला विश्वास एका अनोळखी माणसाच्या पदरात नकळत पडतो. साऱ्या अनर्थाचे मूळ येथे आहे.

हा अनर्थ किती मोठा होऊ शकतो, ते पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा ह्या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरागत क्रम. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र पसरले होते. गावकऱ्यांना ह्या पाच जणांचा संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारण्यात आले. पाचही जण निरपराध होते. पुढे २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. मारणारे काही जन्मजात राक्षस नव्हते. आपण आपली लेकरे वाचवीत आहोत, असेच त्यांना वाटत असावे. खोटी वार्ता दुष्टाला दुष्ट करीत नाही. ती भल्या माणसाच्या मायेलाच हत्यार बनविते.

त्याच काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचे मूल उचलून पसार होतात, असे तीत दिसे. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ चित्रफितीच्या अखेरीस ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. चित्र खरे, मूल खरे, मोटारसायकल खरी. केवळ शेवट कापल्याने सारे असत्य झाले. खोटे बोलण्यासाठी नेहमी खोटे रचावे लागते असे नाही; खऱ्याचा तुकडा पाडला तरी पुरते.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवांना बळी पडले. चोर व मुले पळविणारे रात्री फिरतात, अशी तेथे आवई होती. तिघांचे प्राण गेल्यावर दुसरी अफवा उठली. चित्रफितीत कोणी 'ओय बस' असे ओरडत होता. तो शब्द म्हणजे एका मुसलमानाचे नाव आहे, असे सांगून घटनेला धर्माचा रंग देण्यात आला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, तीत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. पहिल्या अफवेने तिघांचा जीव घेतला. दुसरीने मेलेल्यांच्या नावावर जिवंतांमध्ये वैर पेरले.

येथे कोणी विचारील, की मग प्रचार करणे हेच पाप काय? तसे नव्हे. 'प्रोपगंडा' हा आज बदनाम झालेला शब्द आपल्याच ख्रिस्तसभेच्या घरातून जगात गेला. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धेच्या प्रसारासाठी एक मंडळ स्थापन केले; त्याच्या लॅटिन नावातील हा शब्द आहे. डिचोलीकरांनी तर तो विसरू नये. दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो यांना ह्याच मंडळाच्या पुढाकाराने १६३७ साली रोममध्ये बिशपपदाची दीक्षा मिळाली. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही, तेव्हा विजापूरच्या आदिलशाही मुलखात असलेल्या डिचोलीत त्यांनी आपले ठाणे केले. प्रसार म्हणजे तेव्हा उघडपणे, स्वतःच्या नावानिशी सांगणे होते.

पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. 'फूल' की 'दोन पाने', ह्यावर पेडण्या-डिचोलीत घराघरांत वाद झडले. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लिही, 'राष्ट्रमत' विरुद्ध. दोन्हीकडची भाषा तिखट होती. परंतु कोण बोलत आहे आणि त्याला काय हवे आहे, हे वाचकाला ठाऊक असे, आणि त्याला उत्तर देता येई. ज्या प्रचाराला स्वतःचे नाव सांगवत नाही, तेथे आपण सावध व्हावे.

पारख कशी करावी, हे पवित्र शास्त्रच शिकविते. दानिएलाच्या ग्रंथात सुसान्नेवर दोन वडीलधाऱ्यांनी कुभांड रचले. सारी सभा विश्वास ठेवून मोकळी झाली होती. तरुण दानिएलाने दोघांना वेगळे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघांनी दोन झाडे सांगितली, आणि निर्दोष स्त्रीचा जीव वाचला. आपणही हेच विचारावे: कोठे? केव्हा? पाहिले कोणी? त्या गावचा दुसरा माणूस काय म्हणतो? संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील पहारेकऱ्यांना पैसे देऊन सांगावयास लावले, की आम्ही झोपलो असता शिष्यांनी प्रभूचे शरीर चोरले. झोपलेल्या माणसाने चोर पाहिला कसा? पुष्कळ खोट्या वार्तांच्या पोटातच अशी विसंगती असते. थांबून वाचले तर दिसते.

आणखी काही खुणा सांगतो. व्हॉट्सॲपवर संदेशापाशी दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून आलेला आहे असे समजावे. ती सत्याची ग्वाही नव्हे. मूळ सांगणारा दूर राहिल्याची ती खूण आहे. वाचताच मस्तक तापले, तर हात आवरावा. कारण आपल्याला तापविणे हाच पुष्कळदा पाठविणाऱ्याचा हेतू असतो. चित्रावरही विसंबू नये. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील छायाचित्र जगभर फिरले. ते यंत्राने रचलेले होते. ह्याच पोपमहाशयांनी २०१८ च्या आपल्या संदेशात खोट्या वार्तेचे मूळ एदेन बागेतील सर्पाच्या गोड बोलण्यात दाखविले होते.

आपल्या दोन तालुक्यांत ख्रिस्ती घरे थोडी, आणि शेजार बहुतेक हिंदूंचा. गणेशचतुर्थीला त्यांच्याकडच्या नेवऱ्या आपल्याकडे येतात, नाताळात आपल्याकडचे दोदोल त्यांच्याकडे जाते. कोठे क्रूस मोडला, कोठे देवळाची विटंबना झाली, असा संदेश आला की ह्या शेजाराचीच कसोटी लागते. अशा वेळी संदेश पुढे धाडण्याआधी उंबरठा ओलांडून शेजाऱ्याला विचारावे. "पण वार्ता खरी असली तर?" असे म्हणणारे भेटतात. खरी असेल तर ती पोलिसांना कळवावी. ११२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. दोनशे अनोळखी माणसांना कळवून कोणाचेच रक्षण होत नाही.

शेवटी, आठवी आज्ञा केवळ जिभेपुरती नाही. अंगठ्यालाही ती लागू आहे. चोरीचा माल परत केल्यावाचून जसा चोरीचा निकाल लागत नाही, तसेच दुसऱ्याच्या नावाला लावलेला डाग पुसणे हे ख्रिस्तसभेने कर्तव्यच मानले आहे. आपल्या हातून खोटी वार्ता गेली असेल, तर ज्या गटात ती धाडली, त्याच गटात "ती वार्ता खोटी होती" एवढे शब्द लिहावेत. त्याने मान खाली जात नाही. उलट पुढच्या वेळी त्या घरातून आलेल्या शब्दावर गाव विश्वास ठेवते.