खोडदला, मोबाइल बंद करून

फेब्रुवारीअखेर पुण्यात असाल, तर २८ तारीख खोडदसाठी राखून ठेवा. यंदा मी बेळगावहून आलेल्या नववीतल्या भाच्याला घेऊन गेलो. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं. तिथून आत वळलं, की द्राक्षबागा, टोमॅटोचे मळे आणि मधूनच डोकावणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य तबकड्या!

हीच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. एकूण ३० तबकड्या. त्यांतल्या १४ जवळजवळ, तर १६ इंग्रजी 'वाय'च्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तबकडी पत्र्याची नाही, बारीक पोलादी तारेच्या जाळीची आहे. रेडिओ तरंग जाळीवरून परावर्तित होतात, पण वारा आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्चही वाचला.

आत शिरताना मोबाइल बंद करायला सांगतात. भाच्याचं तोंड पडलं. पण कारण ऐकल्यावर तोही गप्प झाला. आकाशातून येणारे तरंग इतके क्षीण असतात, की मोबाइल किंवा ठिणग्या उडणारी विजेची तार त्यांना सहज झाकून टाकते. मला वाटलं, म्हणजे इथलं संशोधन आजूबाजूच्या गावांच्या समजूतदारपणावरही चालतं. दुर्बीण कशासाठी आहे हे शेजाऱ्यांना कळलं, तरच ते तिची शांतता जपणार.

१९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या निमित्तानं इथे प्रदर्शन भरतं. एकीकडे संशोधक दुर्बिणीची माहिती देतात, दुसरीकडे शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात. एका शाळेच्या मुली ठिबक सिंचनाचं मॉडेल इतक्या ठसक्यात समजावत होत्या, की आम्ही दोनदा ऐकलं.

भाचा इंग्रजी माध्यमातला आणि लाजाळू. विज्ञानाचा प्रश्न इंग्रजीतच विचारायचा, अशी त्याची समजूत. तो वाक्य जुळवत राहिला, तेव्हा तिथली संशोधक ताई म्हणाली, "अरे, मराठीत विचार की!"

"ढग आले तर काय करता?"

"काही नाही! हे तरंग ढगांतून आरपार येतात. आणि आम्हाला दिवसाही काम करता येतं."

रात्री त्यानं आजीला फोन लावला. "शाळेत काय शिकलास?" या तिच्या प्रश्नाला त्याचं नेहमीचं उत्तर, "तुला नाही कळणार." खरं सांगायचं तर माझ्या कामाबद्दल आई विचारते, तेव्हा मीही तेच म्हणतो. त्या रात्री मात्र तो तिला तारेची जाळी, वारा आणि ढग समजावत होता, मराठीत. पलीकडून आजी प्रश्नावर प्रश्न विचारत होती.

पुढच्या वेळी आईने विचारलं, की मीही प्रयत्न करून बघणार आहे.