तो पाठ आणि ती पाठ

शाळामास्तराच्या वर्गात दोन वस्तू सदैव उभ्या असतात. एक फळा, दुसरा मास्तर. ठाण्याच्या एका शाळेत मी वीस वर्षं उभ्याने पाठ घेतो आहे. या पुल्लिंगी पाठाने मला कधी दगा दिला नाही. गेल्या वर्षी आषाढात स्त्रीलिंगी पाठ मात्र रुसली.

निमित्त क्षुल्लक होतं. डोंबिवलीला लोकलमध्ये मला चौथी सीट मिळाली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं : तिघांच्या बाकावर चौथ्याला जे अर्धं बूड टेकू देतात, तिला आमच्याकडे चौथी सीट म्हणतात, आणि ती मिळालेला माणूस स्वतःला भाग्यवान समजतो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असा मी तिरका बसून आलो. ठाण्याला उठलो, तोच कमरेत अशी चमक भरली की फलाटावर क्षणभर मी प्रश्नचिन्हासारखाच उभा राहिलो.

मग उपचार सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उसण भरलीय. पायाळू माणसाची लाथ घ्या." चाळीत पायाळू मुलगी सापडली, पण ती निघाली माझ्याच शिकवणीतली. शुद्धलेखनावरून आदल्याच आठवड्यात मी तिला रागावलो होतो. तिने तो हिशेब एका लाथेत चुकता केला. उसण होती तिथेच राहिली. पट्टा आणला, गादी काढून फळीवर निजलो. आई निर्गुडीचा पाला गरम करून शेकायला बसे. भिंतीला हात लावत उठे आणि म्हणे, "अरे, हल्ली पातळं लांब विणतात का रे? सारखी पायात येतात." मला हसू यायचं, पण हसलो की कळ येई.

तीन महिने गेले. तीन महिन्यांवर टिकलेल्या पाठदुखीला डॉक्टर जुनाट म्हणतात. लिहायला घेतलेली कादंबरी सातव्या प्रकरणात अडकली होती, कारण बसवतच नव्हतं. त्यात जो भेटे तो कुणाच्या तरी सरकलेल्या गादीची कथा सांगे. रात्री डोळ्यांपुढे नोकरी जायची, मुलांच्या फिया थकायच्या. कादंबरीकाराला संकटं रचायची सवय असते, आणि ती स्वतःवरही चालते.

शेवटी कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पिशवी धरायला आई सोबत आली. बाईंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "गादी जराशी फुगलीय खरी. पण ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही, अशा पुष्कळांच्या चित्रात ती अशीच दिसते." मग त्यांनी मास्तराचाच पाठ घेतला. गादी सरकून शीर दाबली गेली, तर कळ मांडीमागून पोटरीत उतरते. उतारवयात शिरांची वाट अरुंद झाली, तर चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. तरुणपणीच पाठ पहाटे आखडत असेल आणि हिंडल्याफिरल्यावर सुटत असेल, तर सांध्यांची सूज शोधावी लागते. ताप आणि घटतं वजन असलं, तर आपल्या देशात मणक्याचा क्षय विसरून चालत नाही. आणि पाय लुळा पडला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

"यातलं माझं कोणतं?"

"एकही नाही."

खरं सांगतो, मी थोडा खट्टू झालो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती, आणि दर शंभरांतल्या नव्वदांना असा एक गुन्हेगार दाखवता येत नाही. दुबळे स्नायू, तासन्‌तास एकाच जागी राहणं, अपुरी झोप, काळजी, आणि 'आता हललो तर मोडेन' ही भीती, सगळ्यांचा थोडा थोडा हात असतो. निजून राहिल्याने दुखणं लांबतं. बाईंनी पट्टा काढायला लावला, व्यायाम लिहून दिले आणि चालायला सांगितलं.

मी उठलो. बाई माझ्या खांद्यावरून मागे पाहत होत्या.

"आजी, तुमची पाठ केव्हापासून दुखते?"

"माझं काय! वय झालं."

"उंची कमी झालीय का?"

आम्हा दोघांनाही सांगता येईना. मग मला ती पातळं आठवली.

आईच्या क्ष-किरणाच्या चित्रात एक मणका पुढून पाचरीसारखा चेपलेला होता. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हाडं पोकळ होत जातात, आणि मग पडावंही लागत नाही. वाकून काही उचललं तरी मणका दबतो. केव्हा झालं असेल, असं बाईंनी विचारलं. आई बराच वेळ आठवत राहिली. "आदल्या दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या दाबत होते, तेव्हा कट्‌कन काहीतरी झालं. दोन दिवस वाकता येईना. पण घाणा अर्धाच झाला होता."

त्या चकल्या मला आठवतात. जरा कडक झाल्यात, असं मी म्हणालो होतो.

मी आता कपाटावर वही ठेवून उभ्यानेच लिहितो. सातवं प्रकरण संपलं. दुखतं अधूनमधून, पण त्याचं कौतुक करायला मला वेळ नाही. आईला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडं बळकट करणारं औषध सुरू आहे. संध्याकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालत जातो. यंदा सोऱ्या माझ्याकडे आहे, आणि चकल्या तुटतात. स्वयंपाकघरातली डब्यांची फळी मी सुताराकडून वीतभर खाली घेतली. आईचा हात मात्र अजून आधी जुन्या जागी जातो, भिंतीवर चाचपतो, आणि मग खाली येतो.