ब्रह्मास्त्र आणि सस्पेन्स खाते

तसा मी भित्रा माणूस नाही. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेलेली असताना, काउंटरवर उभं राहून ‘सिस्टिम डाउन आहे’ असं मोठ्यानं सांगायला जे धैर्य लागतं ते माझ्यापाशी आहे. झुरळ, ऑडिटर आणि बायकोचे मामा या तिघांनाही मी आजवर खंबीरपणे तोंड देत आलो आहे. पण आभाळात एकदम लखलखाट झाला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. याला जबाबदार आमच्या लहानपणचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही.

त्याचं असं झालं. २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झालं ते २४ जून १९९० ला संपलं. संपलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रविवारी सकाळी सगळा वाडा आमच्या माजघरात लोटत असे. टीव्हीला लाकडी शटर होतं, शटरला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला होती. त्याआधी ‘रामायणा’च्या दिवसांत आजी टीव्हीला हळदकुंकू वाहायची. कुंकवाचं एक बोट काचेवर कायमचं राहिलं होतं. त्यामुळे बातम्या सांगणाऱ्या पुरुषांच्या कपाळीसुद्धा आम्हाला अधूनमधून कुंकू दिसे.

युद्ध सुरू होईपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. मग बाण सुरू झाले. दोन्हीकडून दोन बाण निघत, आभाळात समोरासमोर येत आणि नाकाला नाक लावून थबकत. प्रमोशनच्या यादीत दोघांचं नाव आलं की आमच्याकडचे दोन अधिकारी जिन्यात असेच थबकतात. मग ठिणग्या उडत आणि एक बाण विझे. इथवर गंमत होती. पण शेजारचे मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. एका रविवारी चहाचा कप बशीत ठेवत ते म्हणाले, “हे ब्रह्मास्त्र म्हणजे दुसरंतिसरं काही नाही हो. ॲटम बॉम्ब! आपल्याकडे होताच पूर्वी.”

मोठ्या माणसांना फार अभिमान वाटला. अण्णांनी तर मास्तरांना आणखी अर्धा कप चहा सांगितला. मला मात्र घाम फुटला. कारण शाळेच्या वाचनालयात एका पुस्तकात मी हिरोशिमाचा फोटो पाहिला होता. ६ ऑगस्ट १९४५ नंतरचा. सगळं शहर सपाट, आणि मधे एका घुमटाचा नुसता सांगाडा उभा. आमच्या वाड्यात घुमट नव्हता. म्हणजे आमचं तेवढंही राहणार नव्हतं.

त्यात आजीनं पुढची गोष्ट आधीच सांगून टाकली. अश्वत्थामा गवताची काडी उचलतो, मंत्र म्हणतो आणि ब्रह्मास्त्र सोडतो. उलट अर्जुनही सोडतो. दोन्ही अस्त्रं भिडली तर सृष्टीच जळायची, म्हणून व्यास आणि नारद मधे उभे राहतात आणि म्हणतात, मागे घ्या. अर्जुन मागे घेतो. अश्वत्थाम्याला सोडता येतं, मागे घेता येत नाही. मग तो ते उत्तरेच्या पोटातल्या बाळावर वळवतो.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, कृष्णानं वाचवलं. तोच परीक्षित.” आजी शेंगा सोलत म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझ्या दृष्टीनं तो तिथे सुरू झाला. ज्याला मागे घेता येत नाही त्याला सोडायला शिकवलं कोणी? पुढे मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं ते, एन्ट्री चुकली तर उलटी कशी फिरवायची. शिवाय एकानं टाकलेली एन्ट्री दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पास होत नाही. अश्वत्थाम्याला रिव्हर्सल येत नव्हती आणि त्याच्यावर चेकरही नव्हता. अशा माणसाला आमच्या शाखेत कोणी पासवर्डसुद्धा दिला नसता.

तो भाग मी आजीच्या लुगड्याच्या पदराआडून पाहिला. पदर जांभळा होता. त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर विश्वाचा संहार रंगीत पाहणारा वाड्यात मी एकटाच. त्या रात्री मी कॉटखाली सुरक्षित जागा तयार केली. दोन पाट उभे लावले. आत पाण्याचा तांब्या, पार्ले-जीचा पुडा आणि आजीची कवळी ठेवली. आपण वाचलो आणि आजीला चावता आलं नाही तर काय उपयोग! सकाळी कवळी सापडेना तेव्हा ब्रह्मास्त्राहून मोठा स्फोट झाला, ती गोष्ट वेगळी.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं की असा भित्रा मुलगा जगात मी एकच. पण पुढे वाचनात आलं की ब्रिटिश सरकारनं १९८० साली अणुयुद्धात जीव कसा वाचवावा याची एक पुस्तिका काढली होती. तीत काय लिहिलं होतं? घरातली दारं काढून भिंतीला तिरपी लावा, त्यांच्याआड बसा आणि चौदा दिवसांचं अन्नपाणी जवळ ठेवा. म्हणजे माझीच योजना! पाटांऐवजी दारं, एवढाच फरक. कवळीचा विचार त्यांना सुचला नव्हता.

आणि घाबरलेली मुलं तिकडेही होतीच. अमेरिकेत २० नोव्हेंबर १९८३ च्या रात्री ‘द डे आफ्टर’ नावाचा चित्रपट टीव्हीवर दाखवला. कॅन्सस सिटी आणि आसपासच्या गावांवर बॉम्ब पडतात, अशी गोष्ट. सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. अध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहिला होता आणि आपण फार खिन्न झालो असं रोजनिशीत लिहिलं होतं. पुढल्या वर्षी, २३ सप्टेंबर १९८४ ला, बीबीसीनं ‘थ्रेड्स’ दाखवला. त्यात शेफील्ड शहराची राख होते. हा मी दोन वर्षांपूर्वी एका रात्री मोबाईलवर पाहिला. वय वर्षं त्रेचाळीस, घरात पदर उपलब्ध नाही, त्यामुळे उशीच्या अभ्र्याआडून.

त्यात काय भयंकर आहे म्हणाल, तर आधीचा भाग. लोक भाजी घेताहेत, लग्न ठरवताहेत, घराला वॉलपेपर लावताहेत आणि टीव्हीवरच्या बातम्यांकडे कुणाचं धड लक्ष नाही. अगदी आपल्यासारखेच. शेवटी, स्फोटानंतर तेरा वर्षांनी, नायिकेची मुलगी बाळंत होते. हातात दिलेल्या बाळाकडे ती पाहते आणि चित्रपट संपतो. मला उत्तरा आठवली. शेफील्डला कृष्ण नव्हता.

ही सगळी हकिकत आत्ता सांगायचं कारण आमची कन्या. मे २०२५ मध्ये ७ तारखेला देशभर नागरी संरक्षणाच्या तालमी झाल्या. पुढचे तीन दिवस टीव्हीवर वाहिन्यांनी असे काही भोंगे वाजवले की कार्यक्रमांत भोंगे वापरू नका असं शेवटी सरकारलाच सांगावं लागलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. रात्री अकराला कन्या उशी घेऊन आमच्या खोलीत आली. वय वर्षं दहा. म्हणाली, “बाबा, खरंच पडेल का?”

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? ‘नाही’ म्हणायला मी कोण? माझ्या हातात फार तर चेकबुकाची विनंती नामंजूर करणं आहे. मग मी तिला पेत्रोव्हची गोष्ट सांगितली.

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. मॉस्कोजवळच्या एका तळघरात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा सोव्हिएत अधिकारी ड्यूटीवर होता. यंत्र बोंबलू लागलं की अमेरिकेनं एक क्षेपणास्त्र सोडलं आहे. मग आणखी चार. त्यानं वर तसं कळवायचं, एवढंच त्याचं काम. पण त्यानं विचार केला, युद्ध करायचंच तर कोणी पाचच कशाला सोडेल? यंत्रच चुकत असणार! त्यानं वर तसंच कळवलं आणि वाट पाहिली. काही पडलं नाही. उंच ढगांवर उन्हाची तिरीप पडली होती आणि उपग्रहाला ती क्षेपणास्त्रं वाटली.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर ज्या रकमेचा उगम कळत नाही ती आम्ही ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतो आणि खुलाशाची वाट पाहतो. पेत्रोव्हनं पाच क्षेपणास्त्रं सस्पेन्सला टाकली! बक्षीस काय मिळालं, तर त्या वेळची नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी. ऑडिटर सगळीकडे सारखेच. आणि हे कोणालाच ठाऊक नसताना आठच आठवड्यांनी दहा कोटी अमेरिकन खोटा बॉम्ब पाहून हादरले.

कन्येनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आणि त्या रात्री तिथे दुसरा कोणी असता तर?”

मला उत्तर सुचेना. मग आजी आठवली. कवळी सापडल्यावर मला दोन धपाटे घालून झाल्यावर तिनं रात्री मला शेजारी घेतलं होतं. असं काही होणार नाही, असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “मी जागी आहे. तू झोप.” आणि मी झोपलो होतो.

“मी जागा आहे, तू झोप,” मी कन्येला म्हटलं.

सकाळी ती आईला सांगत होती, “बाबा पाच मिनिटांत घोरायला लागले. मग मीच जागी राहिले.”

निदान कोणीतरी राहिलं!