कागदावरचे वय

जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा. दरवर्षी त्या दिवशी चौंडीला जयंतीनिमित्त लोटालोट गर्दी होते. आणि दुसऱ्याच दिवशी, कसलाही गाजावाजा न होता, आमच्या पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस येतो. १ जून हा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांचा सामुदायिक जन्मदिवस आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत, जन्माचा दाखला कुणाजवळ नसे, मग गुरुजी मुलाकडे पाहून साल ठरवीत आणि तारीख एक जून टाकून मोकळे होत. पाहण्याचीही एक रीत होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. हात कानापर्यंत पोचला की मूल सहा वर्षांचे झाले.

आईच्या हिशेबाने माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळानंतर आलेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. शाळेच्या हिशेबाने तो १ जून १९७२ चा. म्हणजे कागदावर मी सव्वा वर्षाने वडील आहे. माझा हात कानापर्यंत पोचत नव्हता म्हणे. गुरुजींनी मान थोडी वाकवायला सांगितली. त्यांना पटावर मुले हवी होती, आणि रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या आईला मला कुठेतरी बसवायचे होते. या खोट्याने कुणाचे काही बिघडले नाही. उलट शाळेचे दार माझ्यासाठी एक वर्ष आधी उघडले.

या निरुपद्रवी खोट्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो ते जिम्नॅस्टिक्समधील वयाची प्रकरणे वाचताना. आपल्याकडे खेळातील वयचोरी म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो चौदा वर्षांखालील कबड्डीच्या संघात उतरलेला, मिसरूड फुटलेला चढाईपटू. तिथे वय कमी करून लावले जाते. मोठा गडी लहानांत घुसतो आणि अन्याय होतो तो समोरच्या संघातील खऱ्याखुऱ्या लहान मुलांवर. महिलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये याच्या नेमके उलटे घडते. तिथे वय वाढवून लावले जाते. कारण तिथे मर्यादा वरची नसून खालची आहे.

या खेळात शरीर लहान असणे हे मोठे भांडवल आहे. हवेत गिरकी घ्यायची तर आटोपशीर, हलके शरीर अधिक वेगाने फिरते. पौगंडावस्थेत उंची, वजन आणि शरीराचा तोल बदलला की काल सहज जमणारी उडी आज नव्याने शिकावी लागते. शिवाय पडण्याची भीती अजून कळलेली नसते. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीने पहिले पूर्ण दहा गुण मिळवले तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि त्यात नियमबाह्य काही नव्हते. पुढे १९८१ मध्ये वयाची किमान मर्यादा पंधरा आणि १९९७ मध्ये सोळा झाली. त्या कॅलेंडर वर्षात सोळावे पूर्ण होत असले म्हणजे पुरे.

हा नियम प्रथमदर्शनी स्पर्धकांमधील समानतेचा वाटतो. पण त्याचा मुख्य हेतू वेगळा आहे. वाढत्या हाडांवर, कण्यावर, मनगटांवर किती भार टाकावा, आणि जगज्जेतेपदाचे ओझे कोणत्या वयात कुणाच्या खांद्यावर द्यावे, याचे ते उत्तर आहे. फिगर स्केटिंगमध्येही तसेच झाले. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाचे उत्तेजक द्रव्याचे प्रकरण साऱ्या जगाने पाहिले आणि त्याच वर्षी त्या खेळाने किमान वय सतरापर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे कबड्डीतील खोटे वय प्रतिस्पर्ध्याला फसवते, तर जिम्नॅस्टिक्समधील खोटे वय प्रतिस्पर्ध्याबरोबरच, किंबहुना त्याच्याही आधी, स्वतःच्याच मुलीला फसवते.

उदाहरणे पाहावीत. उत्तर कोरियाची किम ग्वांग-सुक सलग तीन वर्षे कागदावर पंधराच वर्षांची राहिली. १९९१ मध्ये ती जगज्जेतीही झाली. अखेर त्या देशाच्या संघाला १९९३ च्या जागतिक स्पर्धेत बंदी करण्यात आली. रुमानियाच्या दानिएला सिलिवाशने २००२ मध्ये सांगितले की आपले वय क्रीडाधिकाऱ्यांनी दोन वर्षांनी वाढवले होते. चीनची डाँग फांगशियाओ २००० साली सिडनीत खेळली तेव्हा तिचे जन्मसाल १९८३ नोंदवलेले होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती अधिकारी म्हणून काम करत होती आणि तिच्या ओळखपत्रावरील जन्मसाल होते १९८६. म्हणजे सिडनीत ती चौदा वर्षांची होती. २०१० मध्ये तिचे निकाल रद्द झाले, चीनच्या संघाचे कांस्यपदक गेले आणि ते अमेरिकेच्या मुलींना दहा वर्षांनी मिळाले.

या शेवटच्या प्रकरणात न्याय झाला असे आपण म्हणतो. अमेरिकेच्या मुलींचे हक्काचे त्यांना मिळाले, एवढ्यापुरता तो झालाही. पदक परत घेणे मला अयोग्य वाटत नाही. पण नोंद कुणाच्या नावावर झाली? जी चौदा वर्षांची असताना आपल्या वयाच्या रकान्यात काय लिहायचे हे ठरवू शकत नव्हती तिच्या. ज्यांनी रकाना भरला त्यांची नावे जगाला ठाऊक नाहीत. कागदावरचे वय कधीही मूल स्वतः लिहीत नाही. ते गुरुजी लिहितात, प्रशिक्षक लिहितो, संघटना लिहिते. शिक्षेची तीव्रता ठरवताना लिहिणारा हात आधी शोधला पाहिजे, आणि सोबत खेळलेल्या, वयाने पूर्ण पात्र असलेल्या मैत्रिणींना आपण काय सांगणार, याचाही विचार केला पाहिजे.

मग हे ओळखायचे कसे? आपल्याकडे केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. दात, शरीराची वाढ आणि हाडांचे क्ष-किरण चित्र यांवरून वय अजमावण्याची पद्धत त्यात आहे. क्रिकेटमध्येही मुलांच्या मनगटाची अशी चित्रे काढतात. पण हाडे पंचांग पाहून वाढत नाहीत. ज्या प्रसिद्ध चित्रसंग्रहाशी मनगटाची तुलना होते, तो अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराच्या सुस्थितीतील गोऱ्या मुलांवरून तयार झालेला आहे. अर्धपोटी वाढलेल्या मुलाचे हाड त्याच्या खऱ्या वयाच्या मागे राहते. कठोर सराव करणाऱ्या, मोजून खाणाऱ्या जिम्नॅस्ट मुलीचेही राहते. त्यामुळे सोळा वर्षांची म्हणून आणलेल्या मुलीचे मनगट चौदाचे दिसले, तर ती खरोखर चौदाची आहे की सरावाने आणि उपासाने तशी राहिली आहे, हे चित्र छातीठोकपणे सांगू शकत नाही. जिथे चाचणीची सर्वाधिक गरज आहे तिथेच ती सर्वाधिक लंगडी पडते. थोडक्यात, ही आमच्या कान धरण्याच्या परीक्षेचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

खरा पुरावा एकच: जन्म झाला तेव्हाच, त्या तारखेतून काहीही मिळवायचे नसलेल्या माणसाने केलेली नोंद. असे माणूस कसे असते हे पाहायला जामखेडबाहेर जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या बाळंतपणे करीत, मुलांची वजने घेत, जन्म आणि मृत्यू सांगत. प्रकल्पाच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. हा आकडा खाली आणायचा तर आधी तो काढावा लागतो, आणि काढायचा तर प्रत्येक जन्म मोजावा लागतो. त्या बायकांना मूल किती वर्षांचे हवे आहे याची चिंता नव्हती; ते जगले पाहिजे एवढीच होती. म्हणून त्यांची तारीख खरी असे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९६९ पासून आहे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे सर्वत्र जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. एक जूनची जमात त्यामुळे आपोआप संपेल, आणि ती संपावी हेच बरे. गुरुजींचे खोटे मायेचे होते, पण मायेने खोटे लिहिण्याची सवय झालेल्या समाजाला लोभाने लिहिलेले खोटे ओळखता येत नाही. दोन्हींची शाई सारखीच दिसते.

खेळातील न्यायाची चर्चा आपण मैदानापासून सुरू करतो: पंच, गुण, पदके, बंदी. माझ्या मते ती त्याआधी पंधरा-सोळा वर्षे, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उघडलेल्या वहीपासून सुरू व्हायला हवी. आपले बालपण नेमके किती दिवसांचे आहे आणि ते कुणाला वापरता येणार नाही, हे मुलीच्या बाजूने सांगणारा पहिला साक्षीदार ती वही आहे. बाकीचे साक्षीदार फार उशिरा येतात, आणि बहुधा त्यांना काहीतरी जिंकायचे असते.