घड्याळजीची अवजारे

चावीचे मनगटी घड्याळ तुम्ही कधी उघडून पाहिले आहे का? आत एक छोटे चाक सारखे मागेपुढे फिरत असते. त्याला बॅलन्स म्हणतात. एचएमटीच्या जुन्या चावीच्या घड्याळात त्याची टिकटिक तासाला 18,000 वेळा होते, म्हणजे दिवसाला 4,32,000 वेळा! या चाकाच्या कण्याची टोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक असतात. असे काम करायचे तर अवजारेही तशीच नाजूक हवीत. उर्दूतले 'औजार' तेच मराठीतले 'अवजार'. उर्दूतला 'घडीसाज' तोच मराठीतला 'घड्याळजी'.

मी सोनगीरला घड्याळे दुरुस्त करतो. माझी बहुतेक अवजारे जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली आहेत. परदेशी नवी अवजारे फार महाग पडतात. बाजारातली स्वस्त नवी घ्यावीत, तर त्यांचे पोलाद मऊ. चार स्क्रू फिरवले की टोक वाकलेच म्हणून समजा.

जुनी अवजारे विकायला का येतात, हेही सांगतो. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढे गावोगावी घड्याळजींना काम मिळाले. दरम्यान 1969 साली जपानमध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आले होते. हळूहळू ते इकडेही पसरले. त्यात सेल बदलला की बहुतेक वेळा काम भागते. मग मोबाइल आला. 2016 साली एचएमटी वॉचेस ही कंपनीही बंद करण्यात आली. दुकाने मिटली आणि अवजारांचे डबे माळ्यावर गेले. तिथून ते एक तर दुसऱ्या कारागिराकडे जातात, नाही तर भंगारात.

भंगार काय असते, हे सोनगीरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. आमचे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. जुने भांडे मोडीत गेले की त्याचे वजन होते; ते कोणी घडवले होते, हे कोणी विचारत नाही. पण अवजार कसे पारखावे, हे मला याच गावातल्या तांबटांनी शिकवले. तांबट हातोडी विकत घेताना दांड्याकडे पाहत नाही. तो तिचे तोंड उजेडात धरतो. तोंडावर बारीकसा ओरखडा असला, तरी प्रत्येक ठोक्याबरोबर तो भांड्यावर उमटतो.

घड्याळाच्या अवजारांचेही तसेच आहे. चिमटा घेतला की मी त्याची टोके मिटवून उजेडासमोर धरतो. मध्ये फट दिसता कामा नये. मग त्याने डोक्याचा एक केस उचलून पाहतो. चिमट्याला बारीक स्क्रू चिकटून राहिला, तर त्यात चुंबकत्व आले आहे असे समजावे. असा चिमटा वापरला तर बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागते. मात्र चुंबकत्व काढून टाकता येते, म्हणून तेवढ्यासाठी चिमटा नाकारू नये. स्क्रूड्रायव्हरचे टोक झिजलेले असले तरी चालते, कारण ते दगडावर घासून नीट करता येते. वरवरचा गंज रॉकेलने जातो, पण टोकालाच गंजाने खड्डे पडले असतील तर वस्तू परत ठेवावी. विकणारा कितीही गोड बोलो!

मुंबईत भेंडीबाजाराजवळ चोर बाजार आहे. तेथे शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. मी तेथे गेलो आहे. नशीब असेल तर एखादी चांगली वस्तू मिळते. पण एक पेटी एकाची, तिच्यातले पंच दुसऱ्याचे, असा प्रकार फार. मला विचाराल तर एकाच माणसाच्या टेबलावरचा पूर्ण संच घ्यावा. त्यासाठी घड्याळाचे पट्टे आणि काचा विकणाऱ्यांकडे चौकशी करावी. कोणाचे दुकान मिटले, हे त्यांना बरोबर ठाऊक असते.

अशाच एका पट्टेवाल्याने मला मालेगावचा पत्ता दिला. आग्रा रोडने गेले की धुळ्याच्या पुढे मालेगाव. तेथे एका म्हाताऱ्या घड्याळजींना त्यांचा स्टेकिंग सेट विकायचा होता. लाकडी पेटीत ओळीने उभे केलेले पोलादी पंच, त्यांना सरळ धरणारी चौकट आणि खाली भोके असलेली गोल चकती, असा हा संच असतो. बॅलन्सचा कणा बसवायला तो लागतो. मी टोकदार पंच चौकटीत सोडला. तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली गेला आणि भोकाच्या बरोबर मध्ये बसला. चकती फिरवून मी एकेक भोक पाहिले. सगळी ठीक होती.

"तुमचे पाहून झाले?" ते म्हणाले. "आता मी पाहतो." त्यांनी पांढऱ्या कागदावर एक बारीक स्क्रू ठेवला आणि चिमटा माझ्या हाती दिला. "उचला." मी उचलला. "आता पुन्हा त्याच जागी ठेवा." मी ठेवला. मग कुठे पैशांचे बोलणे निघाले. त्यांच्या मुलाने वजनावर देण्याचे ठरवले होते. किलोच्या भावाने त्या पेटीचे दीडदोनशे रुपयेही आले नसते. मी चार हजार सांगितले. त्यांनी घासाघीस केली नाही. फक्त डोळ्याला लावायचे भिंग तेवढे बाजूला ठेवून घेतले. ते मीही मागितले नाही.

त्या पेटीत तीन पंचांच्या जागा रिकाम्या आहेत. ते पंच त्यांच्याकडेही पूर्वीपासून नव्हते. मी अजून शोधतो आहे. तुमच्या गल्लीत एखादे मिटलेले घड्याळाचे दुकान असेल, तर घरच्यांना विचारून पाहा. बोटाएवढ्या लांबीचे, सुईसारख्या टोकाचे पोलादी तुकडे डब्याच्या तळाशी पडलेले असू शकतात.