सतरा पौंडांची बादली

ताईकडे सॉल्ट लेक सिटीला उतरलो तेव्हा माझ्या दोन बॅगांचं वजन 46 किलो होतं. त्यात रोह्याचे पोहे होते, पेणचे पापड होते. पेणहूनच घेतलेला वीतभर शाडूचा गणपती मात्र बॅगेत न जाता माझ्या मांडीवर बसून आला. आठवड्याभरात मी भाचीसोबत वायोमिंगच्या माळावर उभा होतो, आणि झालर लावलेली टोपी घातलेल्या एक आजी माझी प्लास्टिकची बादली ताणकाट्याला अडकवत होत्या. माणशी एक बादली आणि तिच्यात जास्तीत जास्त 17 पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. कपडे, पांघरूण, सगळं त्यातच. बसायला पाट म्हणूनही तीच बादली. माझा टॉर्च आणि चिवड्याची पुडी बाहेर निघाली.

हे सतरा पौंड कुणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. मॉर्मन लोकांचा पंथ 1830 सालचा. संस्थापक जोसेफ स्मिथ यांना 1844 मध्ये इलिनॉयच्या तुरुंगात जमावाने मारलं. 1847 मध्ये ब्रिगम यंग यांच्यामागे ही मंडळी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. पुढे इंग्लंड आणि डेन्मार्ककडून गरीब भाविक येऊ लागले. बैलगाड्या परवडेनात, म्हणून 1856 पासून हातगाड्या. आयोवा सिटीपासून सुमारे 2,100 किलोमीटर माणसांनीच ओढायच्या, म्हणून मोठ्या माणसाला सामान सतराच पौंड. 1860 पर्यंत दहा तांड्यांतून जवळजवळ 3,000 माणसं अशी चालत गेली.

आता त्यांच्याच पंथातली चौदा ते अठरा वर्षांची मुलं उन्हाळ्यात तीन दिवस तोच खेळ मांडतात. खेळ म्हणावा का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मोबाईल आधीच गोळा झाले होते. मुली पायघोळ झग्यांत, मुलगे गॅलिस लावलेल्या विजारींत. आठ-दहा पोरांमागे एक गाडी, आणि त्यांचे तीन दिवसांचे आईबाप म्हणून एक जोडपं. भाची मॉर्मन नाही, मैत्रिणीमुळे आलेली. पण पहिल्या संध्याकाळी त्या परक्या बाईला ती बिनदिक्कत ‘मा’ म्हणत होती. ताईला मी हे सांगितलेलं नाही.

गाडी मी नीट न्याहाळली. लाकडी चाकं, वर लोखंडी धाव, पुढे आडवा दांडा. बैलाच्या जागी दोन पोरं, मागून ढकलायला चार. 1856 च्या गाड्या घाईत, ओल्या लाकडाच्या केलेल्या होत्या. माळावरच्या कोरड्या हवेत ते लाकूड आकसलं, आरे सैल झाले, आस झिजली. वंगण संपलं तेव्हा लोकांनी साबण आणि डुकराची चरबी चोपडली. आमच्याकडचा कुठलाही सुतार ते लाकूड बघूनच म्हणाला असता, एक पावसाळा थांबा. थांबायला वेळ नव्हता. विली आणि मार्टिन यांचे तांडे मुळातच उशिरा निघाले आणि ऑक्टोबरच्या बर्फात सापडले. दोन्ही तांड्यांत मिळून हजाराच्या आसपास माणसं होती, त्यांतली दोनशेहून अधिक वाटेत गेली. मार्टिनचे लोक ज्या खडकाळ बेचक्यात आडोशाला दडले, तिथेच, मार्टिन्स कोव्हला, आम्ही चाललो होतो.

उंची सुमारे 1,800 मीटर. रोह्याला कुंडलिकेकाठी वाढलेल्या छातीला ती पहिल्या चढालाच कळली. झाड असं नाहीच, नुसतं सेजब्रशचं राखाडी झुडूप, उग्र वासाचं. स्वीटवॉटर नदी आली. नाव गोड, पाणी जुलैतही पाय बधिर करणारं. त्या नोव्हेंबरात मदतीला आलेल्या तरुणांनी थकलेल्यांना खांद्यावर घेऊन हीच नदी पार केली होती.

मग एक चढ आला आणि मुलग्यांना बाजूला काढलं. वाटेत नवरा मेला, मुलगा मेला, त्या बायकांनी गाड्या कशा ओढल्या असतील, ते मुलींनी ओढून पाहायचं. मुलगे दोन्ही कडांना टोप्या काढून उभे. मदत करायची नाही, बोलायचंही नाही. धुळीतून भाचीची गाडी वर आली. दांड्याला पोट लावून ती ओढत होती, चेहरा लालबुंद. माझे हात आपोआप पुढे गेले. शेजारच्या पोराने माझी बाही धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पकड घट्ट होती.

रात्री त्याच पोराने विचारलं, तुमच्याकडे असं चालतात का? पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पावसात चालणारी पोरं मी सांगितली. मग रोह्याचा धावीर महाराज सांगितला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवाला पोलीस सलामी देतात आणि पालखी गावभर फिरते. मीही खांदा देतो, हे जरा फुशारकीनेच सांगितलं. त्याने गंभीरपणे विचारलं, ‘‘किती पौंड?’’

सॉल्ट लेकला परतल्यावर रोह्याला फोन लावला. दादाला विचारलं, पालखीचं वजन किती असेल रे?

‘‘देवाला काय काट्यावर घालतोस? बरं, पोहे पोचले का? भिजवू नको म्हणावं जास्त.’’