सूट कुणाला, भार कुणावर

अब्बांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि भिंतभर उघडे पडलेले रेडिओ. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. एखादं गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, “सांगली केंद्र लावलं की नुसती खरखर येते.” अब्बा लगेच रेडिओ उघडायचे नाहीत. आधी विचारायचे, खरखर कधी येते? ट्यूबलाइट लावल्यावर? शेजारी कुणाचं मोटरवरचं शिलाई मशीन आहे का? मग तोच रेडिओ बगलेत मारून त्या माणसाबरोबर त्याच्या गल्लीत जायचे. रेडिओ आडवा-उभा फिरवत खरखर कुठल्या बाजूनं येतेय ते शोधायचे. बऱ्याचदा रेडिओत दोष नसायचाच. शेजारच्या घरातल्या शिलाई मशीनच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असायचे. त्या शेजाऱ्याला काहीच त्रास नसायचा. त्याचं मशीन छान चालत असायचं.

“पहले कान लगा, फिर हात लगा,” असं ते मला म्हणायचे. हे वाक्य पुढं नोकरीत इतकं कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे. आम्ही पॅकिंग मशीनवर बसवायचे औद्योगिक कॉम्प्युटर बनवतो. पत्र्याचा बंद डबा, पंखा नाही, पुढं टचस्क्रीन, मागं केबलचे ग्लँड. धूळ, तेल, उष्णता सगळं सोसणारा. तीन वर्षांपूर्वी असे बारा डबे अमेरिकेतल्या एका बिस्किट कारखान्यात गेले. तेव्हा मालकांनी विचारलं होतं, “तिकडचं ते एफसीसीचं टेस्टिंग लागणार का?” मी नियम वाचले आणि सांगितलं, “नाही सर. सूट आहे.” मालक खूश झाले. उत्तर बरोबरच होतं. पण ते अर्धवट होतं, हे मला गेल्या वर्षी, रमजानच्या आधी कळलं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक घड्याळ टिकटिकत असतं, सेकंदाला कोट्यवधी वेळा. त्या प्रत्येक टिकटिकीबरोबर तारांमधून वीज उसळते, आणि जिथं अशी वीज उसळते तिथून रेडिओ लहरी बाहेर पडतात. आपल्याला हव्या असोत वा नसोत. प्रत्येक कॉम्प्युटर हा नकळत एक छोटंसं आकाशवाणी केंद्र असतो.

१९७५ साली कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्ये स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या एका हौशी माणसानं याचीच गंमत करून दाखवली. त्याच्या अल्टेअर ८८०० या कॉम्प्युटरला ना स्पीकर होता ना पडदा. त्यानं शेजारी एक साधा रेडिओ ठेवला आणि असा प्रोग्रॅम लिहिला, की कॉम्प्युटरमधून सांडणाऱ्या लहरींमुळं रेडिओवर बीटल्सचं गाणं वाजू लागलं. पुढं दोन वर्षांनी टीआरएस-८० हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला. त्याचे काही खेळ खेळताना लोक बाजूला रेडिओ ठेवायचे आणि त्यातून खेळाचे आवाज ऐकायचे. खेळणाऱ्याला मजा यायची. पण भिंतीपलीकडच्या घरात टीव्हीच्या चित्रावर रेघा उमटायच्या. तक्रारी वाढल्या आणि १९७९ साली एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं, कॉम्प्युटरसाठी नियम केले. टीआरएस-८० चं ते पहिलं मॉडेल या नियमात बसत नव्हतं. १९८१ च्या सुरुवातीला ते बंद करावं लागलं.

नियमांचे दोन वर्ग आहेत. अ वर्ग दुकानं, कचेऱ्या, कारखान्यांसाठी. ब वर्ग घरांसाठी, आणि तो कडक. ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात घरगुती उपकरणाचा उपद्रव ३ मीटरवर मोजतात आणि तो मीटरला १०० मायक्रोव्होल्टच्या आत लागतो. अ वर्गाला ९० ची मर्यादा आहे, पण ती १० मीटरवर. आकडे जवळचे दिसतात, पण अंतराचा हिशेब केला तर अ वर्गाला साधारण तिप्पट मोकळीक मिळते. त्यामागचा विचार साधा आहे. घरात शेजाऱ्याचा टीव्ही भिंतीपलीकडेच असतो. कारखान्याजवळ तो लांब असतो.

आणि या दोन्ही वर्गांच्या बाहेर एक तिसरा गट आहे, सूट मिळालेल्यांचा. मोटारी आणि विमानांत बसवलेली उपकरणं, कपडे वाळवायच्या मशीनसारखी घरगुती यंत्रं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालणारी काही खास वैद्यकीय यंत्रं, औद्योगिक चाचणीची उपकरणं. त्यातच कारखान्यातल्या नियंत्रण यंत्रणेत वापरलेलं डिजिटल उपकरणही येतं. म्हणजे आमचे बारा डबे. ना मोजमाप, ना मर्यादा, ना कागद.

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका डीलरची मोठी ऑर्डर आली. दोनशे डबे. मालकांनी मला बोलावून सांगितलं, “तेच पत्र पाठवून दे, सूट असल्याचं. खाली तुझी सही कर.” डीलरच्या मेलमध्ये मात्र डबे कुठं जाणार याची यादी होती. काही कारखान्यांत, काही गोदामांत माल मोजायला, काही कचेऱ्यांच्या दारात येणाऱ्यांची नोंद करायला. आणि शेवटी एक ओळ होती, सगळ्यांत वायफाय हवं.

मी नियम पुन्हा काढला. या वेळी वकील वाचतो तसा, शब्द धरून. त्यात एक शब्द होता, ‘केवळ’. केवळ कारखान्याच्या नियंत्रण यंत्रणेत वापरलं जाणारं उपकरण. डब्यावर ‘औद्योगिक’ असं छापलंय म्हणून सूट मिळत नाही, तो कुठं आणि कशासाठी वापरला जातो यावर मिळते. तोच डबा बिस्किटाच्या मशीनवर असेल तर सूट आहे, कचेरीच्या दारात असेल तर नाही. पुढं आणखी एक कलम होतं. एका यंत्रात अनेक उपकरणं असतील तर सगळी सूटपात्र असली पाहिजेत. एकालाच सूट असेल तर बाकीच्यांना नियम लागू. वायफाय हा तर मुद्दाम लहरी सोडणारा भाग. त्याला स्वतःची मंजुरी आणि क्रमांक लागतो.

मी मालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “अरे, मागच्या वेळी तूच सांगितलं होतंस ना सूट आहे म्हणून?”

“ते बारा डब्यांबद्दल होतं सर. हे वेगळे आहेत.”

“डबा तर तोच आहे.”

यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. चाचणीचा खर्च, दोन महिन्यांचा उशीर, ऑर्डर हातची जाण्याची भीती, त्यांचं सगळं खरं होतं. वाईट माणूस नाहीत ते. शिकून बाहेर पडल्यावर चार ठिकाणी माझं नाव वाचून ‘कळवतो’ म्हणाले होते, तेव्हा यांनी एका दिवसात कामावर घेतलं होतं. ते ओझंही मनावर होतं. आणि दुसरंही एक ओझं होतं, ते आपल्यापैकी अनेकांना ओळखीचं असेल. कागदावर माझी सही, आणि उद्या कागद खोटा निघाला, तर लोक फक्त ‘इंजिनिअर चुकला’ एवढंच म्हणतील याची खात्री नव्हती.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. अमेरिकेच्या पद्धतीत अशा मालाची हमी देणारा माणूस अमेरिकेतलाच लागतो. म्हणजे त्या डीलरनं आमच्या पत्रावर विसंबून स्वतःची सही केली असती. माझं खोटं त्याच्या नावावर चढलं असतं.

त्या रविवारी मिरजेला गेलो. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. अब्बांना आता कमी ऐकू येतं, पण ट्रान्झिस्टर उशाशी असतो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सूट वगैरे काही विचारलं नाही. विचारलं, “खरखर किती आहे?”

मला माहीत नव्हतं. सूट आहे म्हटल्यावर मी मोजलंच नव्हतं. तीन वर्षं.

त्यांचा ट्रान्झिस्टर मागून घेतला आणि सोमवारी कारखान्यात नेला. ट्रान्झिस्टर हे काही मोजमापाचं साधन नव्हे, हे मलाही कळतं. पण नियमात विजेच्या वायरमधून परत जाणारा उपद्रव १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये बघतात, आणि मीडियम वेव्ह त्याच पट्ट्यात येतं. डबा चालू केला आणि रेडिओ वायरजवळ नेला. पुणे केंद्र खरखरीत बुडून गेलं. मग एफएम लावलं. १०० च्या आसपास, जिथं कुठलंच स्टेशन नव्हतं, तिथं नेहमीची सळसळ एकदम थांबली. एफएममध्ये शांतता हीच चोराची खूण असते. कुठून तरी एक स्थिर लहर येत असली की सळसळ गप्प होते. आमच्या नेटवर्कच्या चिपचं घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं आहे. त्याची चौपट म्हणजे १००. डबा बंद केला, सळसळ परत आली. मालक शेजारीच उभे होते. मीटर दाखवला असता तर कदाचित पटलं नसतं, रेडिओ ऐकून ते गप्प झाले.

चाचणीला पैसे दिले त्यांनी. पगारवाढ मात्र त्या वर्षी झाली नाही, तेही लिहून ठेवतो.

प्रयोगशाळेत पहिल्या वेळी आम्ही नापास झालो. १०० मेगाहर्ट्झलाच, अ वर्गाच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. दोष शोधायला गेलो तर सगळे लाजिरवाणे निघाले. डब्याचं झाकण जिथं टेकतं तिथं पावडर कोटिंग होतं. म्हणजे पत्र्याला पत्रा लागतच नव्हता, मधे रंगाचा थर. शिल्डेड केबलची जाळी पिळून, तिची शेपटी करून स्क्रूला बांधली होती. अशी शेपटी स्वतःच अँटेना होते. जाळी चोहोबाजूंनी क्लॅम्पनं दाबली पाहिजे. स्क्रीनच्या केबलवर फेराइटचं कडं नव्हतं. रंग खरवडला, क्लॅम्प लावले, कडी बसवली. डब्यामागं खर्च फारसा वाढला नाही. दुसऱ्या वेळी पास झालो. वायफायसाठी आधीच मंजुरी असलेलं मॉड्यूल घेतलं आणि त्याचा क्रमांक डब्यावर छापला. ऑर्डर दोन महिने उशिरा गेली, पण गेली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण ते बारा डबे डोक्यातून जाईनात.

कायद्यानं त्यांत काही चूक नव्हती, आजही नाही. पण सूट देणाऱ्या त्याच कलमाच्या वरच्या ओळी मी पहिल्यांदा नीट वाचल्याच नव्हत्या. त्यात लिहिलंय, की सूट मिळालेल्या उपकरणामुळं घातक उपद्रव होतोय असं आयोगाला आढळलं तर वापरणाऱ्यानं ते बंद करायचं, आणि दोष दूर होईपर्यंत चालू करायचं नाही. वापरणाऱ्यानं! म्हणजे सूट मिळाली आम्हाला, आणि मशीन बंद ठेवायची वेळ आली तर ती बिस्किटवाल्यावर. लगेच पुढचं वाक्य असं, की बंधनकारक नसलं तरी अशी उपकरणं बनवणाऱ्यानं मर्यादा पाळायचा प्रयत्न करावा, अशी जोरदार शिफारस आहे. सूट होती ती मोजून दाखवण्यापासून. त्रास द्यायची परवानगी त्यात कुठंच नव्हती.

युरोपनं हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवलाय. तिथं आमच्या डब्याला कारखान्यासाठीही सीई खूण लागते आणि औद्योगिक मर्यादा पाळाव्या लागतात. जागेवर जोडलेल्या संपूर्ण यंत्रणेला खुणेतून सूट आहे, पण ती चांगल्या अभियांत्रिकी रीतीनं जोडलीय हे कागदावर मांडून ठेवावं लागतं. तिथली सूटसुद्धा काम मागते.

मी मालकांना म्हटलं, बारा डब्यांसाठी क्लॅम्प आणि फेराइटची कडी पाठवूया, सोबत चित्रांसह एक पान. ते म्हणाले, “त्यांनी तक्रार केलीय का?”

“नाही.”

“मग?”

मी त्यांना शिलाई मशीनच्या शेजाऱ्याची गोष्ट सांगितली. त्यानंही कधी तक्रार केली नव्हती, त्याचं मशीन छान चालत होतं. खरखर दुसऱ्याच्या घरात होती. त्यांनी ऐकून घेतलं, हो-नाही काहीच बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी त्या कारखान्याला सुट्या भागांचं एक पार्सल जाणार होतं. पॅकिंगच्या यादीत त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: क्लॅम्प १२ संच, फेराइट १२. किमतीच्या रकान्यात शून्य.

पुढच्या वेळी मिरजेला गेलो तेव्हा अब्बांचा ट्रान्झिस्टर परत दिला. त्यांनी तो कानाला लावला, खुंटी थोडी फिरवली आणि विचारलं, “गई क्या खरखर?”

“गई, अब्बा.”

“फिर ठीक है,” म्हणाले, आणि बातम्या ऐकू लागले.